श्रोतृलक्षण : जालना जिल्ह्यापुरते

जालना जिल्ह्याची ओळख करून देणाऱ्या लेखनात पोलादाच्या रोलिंग मिल, संकरित बियाणे आणि मोसंबी या तीन गोष्टी ठरलेल्या क्रमाने येतात, त्यानंतर १ मे १९८१ रोजी हा स्वतंत्र जिल्हा झाल्याची नोंद होते, आठ तालुक्यांची नावे ओळीने दिली जातात आणि प्रकरण संपते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे बियाण्यांची कंपनी काढली व १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हेही स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांना पाठ असते. मात्र या मातीने मराठी वाङ्मयाला जे आणखी एक वाण दिले, त्याचा उल्लेख या यादीत कधी होत नाही. ते वाण म्हणजे वाईट श्रोता. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास यांनी दासबोधात या प्राण्याचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे. दासबोधाचे वीस दशक असून प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे दहा लहान प्रकरणे, आहेत. त्यांपैकी अठराव्या दशकाच्या दहाव्या समासाचा विषय ‘श्रोता अवलक्षण’ हा आहे, आणि त्याच्या लगत आधीचा नववा समास निद्रेवर आहे. हा क्रम योगायोगाने आला की हेतूने, याविषयी अभ्यासकांनी हवा तेवढा वाद घालावा. ज्याने एकदा तरी दुपारच्या तासिकेला व्याकरण शिकवले आहे, त्याला या क्रमाचे स्पष्टीकरण लागत नाही.

हे दोन समास जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत, पोषण आहारानंतरच्या पहिल्या तासिकेला, समोरच्या वर्गाकडे अधूनमधून पाहत वाचले, तर सतराव्या शतकातील निरूपणाची सभा आणि आजचा चौथीचा वर्ग यांत फरक एवढाच जाणवतो की, समर्थांच्या श्रोत्यांना आधी खिचडी मिळत नव्हती. कडकडून जांभया देणारे, तोंडापुढे चुटकी वाजवून जांभई परतवू पाहणारे, बसल्या जागी डुलक्या घेणारे, ऐन निरूपणात शरीराच्या नाना तक्रारी आठवणारे, देहाने समोर असून मनाने भलतीकडे गेलेले, असे सगळे तेथे आहेत. फक्त पाण्याची बाटली नाही. आजच्या वर्गात एकाने बाटलीचे झाकण उघडले की पुढील अर्ध्या मिनिटात सगळ्या वर्गाला तहान लागते, आणि तहान ही अशी गरज आहे की तिच्यापुढे भागाकारालाही थांबावे लागते.

शिक्षणशास्त्र भाषेची चार कौशल्ये मानते: श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन. या क्रमात श्रवण पहिले येते, पण शाळेत तरी त्याच्या वाट्याला पहिल्या क्रमांकाच्या मानापलीकडे फारसे काही आलेले नाही. लेखनाला परीक्षा आहे. वाचनाला प्रकट वाचन, म्हणजे उभे राहून सर्वांना ऐकू जाईल असे वाचणे, आहे. भाषणाला तर वक्तृत्व स्पर्धाच आहेत, ज्यांत पाच वक्त्यांना वह्या आणि पेन मिळतात व उरलेल्या दोनशे मुलांना, ज्यांनी मैदानात उन्हात बसून एकाच थोर पुरुषाचा एकाच गावी पाच वेळा जन्म झालेला ऐकला, काहीही मिळत नाही. ऐकण्याची स्पर्धा कोठेही भरत नाही, आणि भरलीच तर तिला परीक्षक मिळणार नाहीत, कारण परीक्षकाला सबंध स्पर्धा ऐकावी लागेल.

श्रवणाची सरकारदरबारी नोंद अजिबात होत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची, म्हणजे वर्षाअखेरच्या एका परीक्षेवर विसंबण्याऐवजी वर्षभर मुलाची वाढ पाहत राहण्याची, पद्धत आली आणि तिच्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. या नोंदी म्हणजे गुणांच्या जोडीला शिक्षकाने मुलाविषयी लिहावयाची वाक्ये होत. कल्पना अशी होती की शिक्षक मुलाला पाहील आणि मग वाक्य लिहील. पुढे वाक्यांच्या तयार याद्याच छापून मिळू लागल्याने यातील पहिली पायरी अनेक ठिकाणी ऐच्छिक झाली. या याद्यांत भाषेखाली पहिलेच वाक्य ‘लक्षपूर्वक ऐकतो’ असे काहीसे असते व त्यामुळे हजेरीपटावरील पहिल्या काही मुलांच्या वाट्याला ते हमखास येते. आडनाव वर्णमालेच्या शेवटी असलेल्या मुलांना ‘कवितेचे साभिनय गायन करतो’ यावर समाधान मानावे लागते. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला मुलगा मार्चमध्ये परत येतो, तेव्हा मधले चार महिने आपण लक्षपूर्वक ऐकत होतो, हे त्याला नोंदवहीवरूनच कळण्याची शक्यता असते.

वर्गात ऐकण्याची सिद्धता कशी करवून घेतात, हेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आज्ञा ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ अशी आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने या आज्ञेत पहिली अडचण अशी की हाताची घडी घातल्यावर तोंडावर ठेवायला बोट उरत नाही, आणि जालना जिल्ह्यातील मुले ही अडचण एक हात घडीला व दुसरा तोंडाला देऊन सोडवतात. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. हात, बोट, तोंड, क्वचित ‘डोळे फळ्याकडे’, अशी सर्व अवयवांची व्यवस्था या आज्ञेत लावलेली असताना कानाचे नावही तीत घेतलेले नाही. कानाशी शाळेचा संबंध पूर्वी होता, पण तो पिळण्यापुरता किंवा धरून उठाबशा काढण्यापुरता होता. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. म्हणजे कायद्याने कान मोकळा केला. मोकळ्या झालेल्या कानाचे पुढे काय करायचे, याविषयी मात्र शिक्षकांना कोणी काही सांगितले नाही, आणि तोंडावरचे बोट होते तेथेच राहिले. परिणामी वर्गाची शांतता हीच श्रवणाची खूण मानली जाऊ लागली. व्हरांड्यातून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना वर्ग शांत दिसला की तेथे अध्यापन चालू आहे असा त्यांचा समज होतो, आणि वर्गात हास्याची लाट उठली की ते खिडकीतून डोकावतात. बहुधा त्या दिवसभरात मुलांनी खरोखर ऐकलेली गोष्ट तीच असते.

ऐकणे मुलांना येत नाही, या तक्रारीची शहानिशा वर्गाबाहेर केली, तर ती टिकत नाही. जिल्ह्यातील खेड्यातला तिसरीचा मुलगा रस्त्यावर न पाहता, केवळ आवाजावरून, ट्रॅक्टर कोणाचा ते सांगतो. शेतात लाईट आली की विहिरीवरची मोटार चालू झाल्याचा आवाज तीन वावरे ओलांडून त्याच्या कानी येतो व आता आपला बाप पाणी धरायला निघाला असेल, हे तो शेजाऱ्याला कुजबुजत कळवतो. स्वयंपाकाच्या खोलीत खिचडीच्या पातेल्यावरचे झाकण सरकले, हे तर सबंध शाळेला एकाच क्षणी ऐकू येते, आणि त्या क्षणी फळ्यावर अपूर्णांक असो वा अजिंठ्याची लेणी, वर्गाच्या दृष्टीने तो विषय संपलेला असतो. अंबडच्या बसचा हॉर्न आणि परतूरच्या बसचा हॉर्न यांतील भेद ओळखणाऱ्या कानाला ‘श’ आणि ‘ष’ यांतील भेद ऐकू येत नाही, असे मानणे कठीण आहे. दोष असलाच तर तो श्रवणेंद्रियाचा नव्हे, श्राव्य मालाचा आहे, असा निष्कर्ष एखादा धीट संशोधक काढू शकेल; तो शाळेत नोकरीला नसावा, एवढीच अट आहे.

काही मुलांच्या बाबतीत मात्र अडचण खरोखर इंद्रियाचीच असते, आणि तेथे विनोद थांबवला पाहिजे. लहानपणी वारंवार कान वाहणे, त्यावर घरी तेल सोडणे, मळ घट्ट बसणे, अशा कारणांनी मुलाला कमी ऐकू येते, आणि ऐकू येत नाही हे त्याला स्वतःला कळत नाही, कारण इतरांना किती ऐकू येते हे त्याला कधी ऐकायला मिळालेले नसते. अशा मुलाच्या नावापुढे ‘लक्ष नसते’ असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षे पुढच्या वर्गात त्याच्याबरोबर जातो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत व शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात, त्यांत कानाचीही होते. पण पथक येण्याआधी त्या मुलाला खिडकीजवळच्या शेवटच्या ओळीतून उचलून पुढे बसवायला कोणाची परवानगी लागत नाही.

ध्वनीच्या मोजमापाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शिकवणे चालू असताना वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या पुढे जाऊ नये; डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक असून ३५ डेसिबल म्हणजे साधारण कुजबुजीच्या जवळपासचा आवाज होय. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवती किमान शंभर मीटरचा शांतता क्षेत्राचा पट्टा सांगितला आहे. हे दोन्ही दस्तऐवज ज्यांनी तयार केले, त्यांपैकी कोणी जुलै महिन्यात पत्र्याच्या वर्गखोलीत पावसाची सर अनुभवली असावी, असे वाटत नाही. सर आली की शिक्षक प्रथम आवाज वाढवतात, मग फळ्यावर लिहितात, मग खिडकीतून पावसाकडे पाहू लागतात. तेथपासून शिक्षक आणि विद्यार्थी एकच गोष्ट एकाच वेळी एकाग्रतेने ऐकतात, असा तो वर्षातील दुर्मीळ प्रसंग असतो. शंभर मीटरच्या शांतता क्षेत्राचे म्हणाल, तर त्यात मारुतीचे देऊळ, त्यावरील कर्णा, सप्ताहाचा मांडव, केस घेऊन भांडी देणाऱ्याची हाळी आणि भंगारवाल्याचे ध्वनिमुद्रित निवेदन हे सगळे सुखाने नांदतात, कारण गावात शंभर मीटरवर जागा मिळते ती याच सर्वांना मिळून मिळते.

यापेक्षा विलक्षण परिस्थिती द्विशिक्षकी शाळेची आहे. पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि दोन शिक्षक, असा जेथे हिशेब असतो, तेथे एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात व शिक्षक एका इयत्तेला लिखाणाचे काम देऊन दुसरीला शिकवतात. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. या व्यवस्थेत असे आढळते की दुसरीची मुले, ज्यांना पाढे लिहायला सांगून गप्प बसवलेले असते, ती चौथीला चाललेली शिवाजी महाराजांची गोष्ट शब्द न् शब्द ऐकतात, आणि चौथीची मुले, ज्यांच्यासाठी ती गोष्ट चाललेली असते, ती दुसरीच्या पाट्यांत डोकावून चुका शोधतात. आपल्यासाठी नसलेले बोलणे माणूस अधिक मन लावून ऐकतो, हे सत्य गावातील भिंतींना पूर्वीपासून ठाऊक आहे. शिक्षणशास्त्राने त्याचा अजून पुरेसा उपयोग केलेला नाही. चौथीचा धडा दुसरीला आणि दुसरीचा धडा चौथीला, दोघांनाही ‘हे तुमच्यासाठी नाही’ असे बजावून शिकवला, तर निकाल सुधारण्यास वाव आहे.

आता या विषयाच्या गाभ्याकडे, म्हणजे ‘समजलं का?’ या प्रश्नाकडे वळले पाहिजे. पूर्वी घरोघरी आजी गोष्ट सांगत असे तेव्हा ऐकणाऱ्याने मधून मधून ‘हूं’ म्हणायचे, अशी रीत होती. हुंकार थांबला की आजी समजे, पोर झोपले, आणि गोष्ट तेथेच राही. हा हुंकार म्हणजे श्रोत्याने वक्त्याला दिलेली खरीखुरी बातमी होती. वर्गातील ‘समजलं का?’ आणि त्यावरचे ‘हो ऽऽ सर’ हे वरकरणी त्याच परंपरेतले वाटले, तरी त्याचे काम नेमके उलटे आहे. आजी हुंकार थांबला की थांबत असे, शिक्षक ‘हो सर’ आले की पुढे जातात. आणि ‘हो सर’ तर झोपेतही म्हणता येते. त्या ‘हो’ची लांबी, त्यातील चढउतार आणि सर्वांचा एकाच वेळी होणारा शेवट पाहता, मुलांनी वर्षभरात सर्वांत कसून सराव केलेली गोष्ट तीच असावी, असे दिसते. या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारा विद्यार्थी क्वचितच सापडतो, कारण त्याला तत्काळ ‘काहून रे, ध्यान कुठं होतं?’ हा दुसरा प्रश्न विचारला जातो आणि मग धड्याऐवजी त्याच्या ध्यानाचीच चर्चा होते. न समजल्याची बातमी आणणाऱ्याचे असे स्वागत होऊ लागल्यावर बातमी येणे बंद होते. हे केवळ चौथीच्या वर्गात घडते असे नाही, जिल्हा आढावा बैठकीतही घडते, पण तो या लेखाचा विषय नव्हे.

शिक्षक किती बोलतात आणि मुले किती, याचे शास्त्रोक्त मोजमाप बी.एड. झालेल्या प्रत्येकाने एकदा तरी पाठ केलेले असते. नेड फ्लँडर्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने वर्गातील बोलण्याचे दहा प्रकार केले व दर तीन सेकंदांनी त्या क्षणी कोणता प्रकार चालू आहे त्याचा आकडा लिहावा, अशी पद्धत घालून दिली. तिला आंतरक्रिया विश्लेषण म्हणतात. दहापैकी सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे आहेत, दोन विद्यार्थ्यांचे, आणि दहावा ‘शांतता किंवा गोंधळ’ हा आहे. शांतता आणि गोंधळ यांना एकाच आकड्याखाली घालणारा हा गृहस्थ कधी खेड्यातील शाळेत आला नसला, तरी वर्गाचे मर्म त्याला कळले होते, यात शंका नाही. त्याने सांगितलेला दोन तृतीयांशांचा नियम असा की, वर्गाच्या वेळातील दोन तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते आणि त्या बोलण्यातील दोन तृतीयांश वाटा शिक्षकाचा असतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेला हा नियम लावला, तर मुलांच्या वाट्याला जेमतेम आठ मिनिटे येतात, आणि वर्गात तीस मुले धरली तर प्रत्येकाला साधारण पंधरा सेकंद मिळतात. ‘सर, पाणी प्यायला जाऊ का?’ आणि ‘सर, हा मला पाहू राहिला’ या दोन वाक्यांना मिळून सहा-सात सेकंद लागतात. उरलेल्या आठ सेकंदांत मुलाने आपले ज्ञान स्वतः रचावे, अशी ज्ञानरचनावादाची अपेक्षा आहे. ज्ञानरचनावाद म्हणजे मूल हे रिकामे भांडे नसून ते अनुभवातून ज्ञान घडवते, हा सिद्धान्त, जो शिक्षकांना दिवसभराच्या व्याख्यानातून समजावून दिला जातो.

मिनेसोटा विद्यापीठातील राल्फ निकोल्स यांनी १९५७ साली श्रवणावर लिहिताना दाखवून दिले की माणूस मिनिटाला सुमारे सव्वाशे शब्द बोलतो, तर मन त्याहून कितीतरी वेगाने चालते, आणि या दोन वेगांतील फरकामुळे जो फावला वेळ उरतो, त्यात श्रोत्याचे मन फिरून येते. चांगला श्रोता त्या फावल्या वेळात ऐकलेल्याचीच उजळणी करतो, वाईट श्रोता राजूरच्या जत्रेला जातो. अडचण अशी की जत्रेतून परत येईपर्यंत येथे त्रिकोणाचा चौकोन झालेला असतो, आणि मग पुन्हा जत्रेला जाण्याखेरीज गत्यंतर नसते. संथ बोलणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मुले अधिक लांबच्या गावांना जाऊन येतात, हे ओघाने आलेच.

मराठवाड्याच्या बाबतीत श्रवणाचा आणखी एक पदर लक्षात घ्यावा लागतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत जालना हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि तेथील सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. घरी मराठी बोलणारा मुलगा भूमिती उर्दूतून ऐके, मनात मराठीतून समजून घेई आणि परीक्षेत पुन्हा उर्दूतून लिही. त्या पिढीतील जी माणसे पुढे शिक्षक व वकील झाली, त्यांच्या ऐकण्यात एक विशेष सावधपणा असे, असे जुनी माणसे सांगतात. भाषा परकी असली की एक शब्द निसटला तरी वाक्य हातून जाते, म्हणून कान टवकारून बसावे लागे. आज अनेक शाळांत सेमी इंग्रजीची, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व बाकीचे विषय मराठीतून शिकण्याची, सोय आहे. तेथेही ‘डिनॉमिनेटर म्हणजे खालचा’ अशा मिश्र वाक्यांतून ज्ञान पुढे सरकते आणि मुले दोन्ही भाषांत ‘हो सर’ म्हणतात. टवकारलेल्या कानांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही. कदाचित निजामाच्या काळात न समजल्याचे कबूल करण्यात कमीपणा नव्हता, कारण ते कोणालाच पुरते समजत नव्हते.

इतका वेळ विद्यार्थ्यांचा विचार झाला. श्रोत्यांची अवलक्षणे त्यांच्या पूर्ण बहरात पाहायची असतील, तर मात्र शिक्षण परिषदेला गेले पाहिजे. शिक्षण परिषद म्हणजे एका केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, सर्व शिक्षकांनी दर महिन्याला एकत्र येऊन अध्यापनाची चर्चा करण्याचा कार्यक्रम होय. येथे वर्षभर फळ्याकडे पाठ करून उभी राहणारी माणसे प्रथमच फळ्याकडे तोंड करून बसतात आणि अर्ध्या तासात तिसरीची मुले होतात. मागच्या ओळी आधी भरतात. पुढे बसा, असा आग्रह केला की दोघे जण पुढे सरकतात आणि त्यांच्या जागी दाराजवळ नवे दोघे येऊन बसतात. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा शिक्षक, गटकार्य देतो, तेव्हा प्रत्येक गटात एक जण लिहितो आणि बाकीचे बदल्यांच्या यादीवर चर्चा करतात. मोबाईलवर तातडीची ऑनलाईन माहिती भरणे चालूच असते, आणि यात त्यांना पूर्ण दोषही देता येत नाही, कारण ती माहिती ‘आज दुपारी दोनच्या आत’ हवी असा निरोप त्याच क्षणी आलेला असतो. सत्राच्या शेवटी सुलभक विचारतो, ‘कोणाला काही शंका?’ आणि त्यानंतर जी शांतता पसरते, ती फ्लँडर्सच्या दहाव्या प्रकारातील पहिली की दुसरी, हे सांगणे अवघड जाते. चहा आल्याचा आवाज मात्र सर्वांना एकदमच ऐकू येतो.

येथे पुन्हा एकदा दासबोधाकडे वळणे भाग आहे. तो सगळा ग्रंथच श्रोता आणि वक्ता यांच्या संवादासारखा रचलेला असून त्याचा आरंभ श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नाने होतो. साडेसात हजारांहून अधिक ओव्यांचा पसारा ऐकणाऱ्याच्या एका शंकेवर उभा आहे. पहिल्याच दशकात श्रोत्यांचे स्तवन आहे, सातव्या दशकात लागोपाठ दोन समास श्रवणावर खर्ची घातले आहेत आणि अठराव्यात तीच श्रोतेमंडळी जांभयांसह हजर आहेत. जांभई देणारा चुटकी वाजवतो, हे ज्याने टिपले, त्याचे डोळे पोथीत नव्हते. तो बोलता बोलता समोर पाहत होता. वाईट श्रोत्यांचे इतके बारीक वर्णन करणारा माणूस त्या सभेतील सर्वांत चांगला श्रोता असला पाहिजे, आणि वर्गात ऐकण्याची सुधारणा करायची तर आधी टेबलाच्या कोणत्या बाजूने करायची, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो. परिपत्रकांनी आजवर या प्रश्नाला हात घातलेला नाही, कारण सूचना खाली जातात आणि मुले सर्वांत खाली असतात.

टेबलाच्या अलीकडून करता येण्यासारखा सर्वांत स्वस्त उपाय मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात मांडला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट सरासरी जेमतेम एक सेकंद पाहतात आणि मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असे तिला आढळले. हीच वाट तीन सेकंद पाहिली तर मुलांची उत्तरे लांबतात, न बोलणारी मुले बोलू लागतात आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात, असेही आढळले. तीन सेकंदांना निधी लागत नाही, त्यांची निविदा निघत नाही व त्यांचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागत नाही, म्हणूनच बहुधा ते कोणत्याही योजनेत आलेले नाहीत. शिवाय ते वाटतात तितके सोपेही नाहीत. चाळीस वर्षे बोलण्याची सवय असलेल्या माणसाला वर्गासमोर तीन सेकंद गप्प उभे राहणे म्हणजे काय, हे त्यालाच कळते: पहिल्या सेकंदाला नेहमीची हुशार मुलगी बोट वर करते, दुसऱ्या सेकंदाला ती ‘सर, मी, सर, मी’ म्हणत बाकावरून उठते, आणि तिसऱ्या सेकंदाला सर पुढचे विसरले असावेत, अशी शंका वर्गात पसरू लागते.

समजा, परिसर अभ्यासाच्या तासिकेला, मंठा किंवा बदनापूर तालुक्यातील एखाद्या शाळेत, जलचक्र शिकवून झाले आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ झाली, वाफेचे ढग झाले, ढग डोंगराला अडले, बाणांची आकृती फळ्यावर पूर्ण झाली, आणि शिक्षकांनी विचारले की, मग आपल्या गावाला पाणी कोठून मिळते? हुशार मुलीचे ‘पावसापासून’ हे उत्तर तिच्या ओठांवर आहे. एरवी ते घेऊन, शाबासकी देऊन, धडा पुढे गेला असता. पण शिक्षकांनी ऐकलेल्या प्रशिक्षणातील नेमकी हीच एक गोष्ट त्यांच्या लक्षात राहिलेली आहे, आणि ते थांबतात. तिसरा सेकंद संपता संपता खिडकीजवळचा, वर्षभर न बोललेला मुलगा उभा राहतो आणि म्हणतो, ‘सर, आमच्याकडं तं टँकर येतो. पण एक दिवसाआड. अन् सरपंचाच्या गल्लीत आधी.’ वर्ग हसतो, मग दोघे जण आपल्या गल्लीत टँकर केव्हा येतो ते सांगू लागतात, कोणीतरी त्यांचे खोडून काढतो, हुशार मुलगी बोट खाली घेऊन ऐकू लागते, आणि त्या वेळी मागे निरीक्षणाला बसलेला बी.एड.चा छात्राध्यापक, हातात फ्लँडर्सचा तक्ता घेऊन, या तीन सेकंदांपुढे विद्यार्थ्याने आपणहून बोलण्याचा नववा आकडा लिहावा की गोंधळाचा दहावा, या विवंचनेत पडलेला असतो.